फ्लेटच्या जागी सीएल-फ्लेट लिहिलं आणि काहीच घडेना

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. ईमॅक्स या एडिटरची जुनी इनिट फाइल (सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) किंवा दहा-बारा वर्षांपूर्वीचं एखादं पॅकेज बाइट-कंपाइल करताना इशारा येतो, की ‘फ्लेट’ हा (एखाद्या फंक्शनची व्याख्या तात्पुरती बदलणारा) मॅक्रो २४.३ आवृत्तीपासून कालबाह्य आहे, त्याऐवजी ‘सीएल-फ्लेट’ किंवा ‘सीएल-लेटएफ’ वापरा. दोन नावांपैकी पहिलं ओळखीचं दिसतं, म्हणून आपण जुन्या नावापुढे ‘सीएल-’ चिकटवून मोकळे होतो. पुन्हा कंपाइल केल्यावर इशारा गायब. एरर नाही, कुरकुर नाही. फक्त त्या कोडनं जे काम करायचं ते तो करत नाही.

मी हे फाइलभर ‘शोधा आणि बदला’ मारून एकदम बारा-तेरा ठिकाणी केलं होतं. संध्याकाळी ईमॅक्स बंद करायला गेलो तर त्यानं विचारलं, प्रोसेस चालू आहेत, त्या मारून बाहेर पडू का? हा प्रश्न मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, कारण तो गप्प करणारा तुकडा माझ्या फाइलमध्ये कधीपासून होता. त्या काळी अनेकांच्या फाइलमध्ये असायचा. तो असा:

```
(डेफअ‍ॅडव्हाइस सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स
    (अराउंड गप्प-बस अ‍ॅक्टिव्हेट)
  (फ्लेट ((प्रोसेस-लिस्ट ()))
    एडी-डू-इट))
```

(कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. तुमच्या फाइलमध्ये लिस्पचे, म्हणजे ईमॅक्स ज्या भाषेत बदलता येतं तिचे, शब्द अर्थातच रोमन राहतील. स्वतःच्या फंक्शनला देवनागरी नाव दिलं तर मात्र ईमॅक्सची काही हरकत नसते. ‘आजचं-पान’ नावाची माझी कमांड रोज चालते.)

यातली युक्ती सरळ आहे. ‘डेफअ‍ॅडव्हाइस’ दुसऱ्याच्या फंक्शनभोवती आपला कोड गुंडाळतं आणि ‘एडी-डू-इट’ म्हणजे ‘आता मूळ फंक्शन चालव’. ईमॅक्स बंद होताना ‘सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स’ हे फंक्शन ‘प्रोसेस-लिस्ट’ला विचारतं, की चालू प्रोसेस कोणकोणत्या. तेवढ्या वेळापुरतं ‘प्रोसेस-लिस्ट’ बदलून रिकामी यादी परत करायला लावली, की प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही. यात ‘फ्लेट’चं ‘सीएल-फ्लेट’ झालं की हा तुकडा असून नसल्यासारखा होतो.

हाक कोण मारतंय

सगळं निदान एका प्रश्नावर येतं. तुम्ही ज्या फंक्शनची व्याख्या तात्पुरती बदलताय, त्याला हाक कोण मारतंय? तुमच्याच कंसांच्या आत डोळ्यांना दिसणारा कोड, की तिथून बोलावलं जाणारं दुसऱ्या कुणाचं फंक्शन?

छोटा प्रयोग करून पाहा:

```
(डेफन वेळ-सांग () "खरी वेळ")
(डेफन शीर्षक () (कॉनकॅट "आज: " (वेळ-सांग)))

(सीएल-फ्लेट ((वेळ-सांग () "दुपारचे बारा"))
  (लिस्ट (वेळ-सांग) (शीर्षक)))
```

उत्तर येतं: ("दुपारचे बारा" "आज: खरी वेळ"). पहिली हाक कंसांच्या आत लिहिलेली होती, तिला नवी व्याख्या मिळाली. दुसरी हाक ‘शीर्षक’च्या पोटात आहे, आणि ‘शीर्षक’ लिहिलं तेव्हा तिथं कुठलंही सीएल-फ्लेट नव्हतं. त्यामुळे तिला जुनीच व्याख्या मिळते.

आमच्या घरात ‘साहेब’ म्हटलं की आजोबा. हे आमच्या उंबरठ्याच्या आत खरं. शेजारच्या घरात ‘साहेब’ म्हणजे कोण, यावर आमचा काही अधिकार नाही. सीएल-फ्लेट म्हणजे हे. आता सरकारी कचेरी घ्या. साहेब रजेवर गेले आणि चार्ज दुसऱ्याकडे दिला, की आठवडाभर जिल्ह्यातून कुठूनही ‘साहेबां’कडे गेलेली फाइल त्या प्रभारी माणसाच्याच टेबलावर जाणार. साहेब परतले की चार्ज परत. जुनं फ्लेट असं चालायचं आणि आज सीएल-लेटएफ असं चालतं. पहिलं लेक्सिकल बंधन, दुसरं डायनॅमिक.

कंपायलरच्या बाजूनं पाहिलं तर फरक आणखी उघडा दिसतो. त्या सीएल-फ्लेटवर कर्सर ठेवून ‘ईमॅक्स-लिस्प-मॅक्रोएक्सपँड’ कमांड चालवा. साधारण असं काही दिसेल:

```
(लेट* ((--सीएल-वेळ-सांग-- (लॅम्डा () "दुपारचे बारा")))
  (लिस्ट (फनकॉल --सीएल-वेळ-सांग--) (शीर्षक)))
```

म्हणजे ‘वेळ-सांग’ या सिम्बॉलला कुणी हातच लावला नाही. एक नवं लोकल व्हेरिएबल तयार झालं आणि मॅक्रोला तुमच्या मजकुरात ‘वेळ-सांग’ची जी हाक सापडली, ती त्या व्हेरिएबलकडे वळवली गेली. ‘शीर्षक’ची व्याख्या त्या मजकुरात नाही, मग ती बदलणार कशी? माझ्या गप्प-बस तुकड्यात तर कंसांच्या आत ‘प्रोसेस-लिस्ट’ची एकही हाक नव्हती. वळवायला काही सापडलं नाही, तयार केलेलं व्हेरिएबल कुणी वापरलं नाही. कंपायलरच्या दृष्टीनं यात तक्रार करण्यासारखं काही नाही. लिहिलेला कोड अगदी शुद्ध आहे.

उलट ईमॅक्समधल्या प्रत्येक सिम्बॉलला चार कप्पे असतात: नाव, किंमत, फंक्शन आणि गुणधर्मांची यादी. जुनं फ्लेट थेट त्यातल्या फंक्शनच्या कप्प्यात नवी व्याख्या टाकायचं, आतला कोड चालवायचं आणि बाहेर पडताना जुनी व्याख्या परत ठेवायचं. मध्येच एरर आली किंवा तुम्ही कंट्रोल-जी दाबलं तरी परत ठेवायचं. हा कप्पा साऱ्या ईमॅक्सला मिळून एकच आहे. म्हणून बदल सगळ्यांना दिसायचा.

नावाचा घोळ आला कुठून

कॉमन लिस्प या लिस्पच्या प्रमाण बोलीत १९८४ पासून फ्लेट लेक्सिकलच आहे. तिथून येणाऱ्या माणसाला सीएल-फ्लेटचं वागणं बरोबर वाटतं आणि जुन्या ईमॅक्सचं फ्लेट चुकीचं. पण ईमॅक्स लिस्प मॅकलिस्प या आणखी जुन्या बोलीच्या घराण्यातलं. १९८५ साली जीएनयू ईमॅक्स आलं तेव्हा त्यात फक्त डायनॅमिक बंधन होतं, आणि ते आळसापोटी नव्हतं. ईमॅक्सचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ च्या आपल्या ईमॅक्सवरच्या निबंधात डायनॅमिक बंधनाची बाजू घेतली होती. एडिटरच्या मूळ लेखकाला जे सुचलंही नसेल, ते वापरणाऱ्याला बाहेरून बदलता यायला हवं, असा तो युक्तिवाद. माझा गप्प-बस तुकडा म्हणजे त्या विचाराचंच पिल्लू होतं.

पुढे ईमॅक्समधल्या ‘सीएल’ पॅकेजनं कॉमन लिस्पची नावं आणली, पण खाली लेक्सिकल बंधनाचा पायाच नसल्यामुळे फ्लेट हे नाव घेऊन वागणं डायनॅमिक ठेवलं. २०१२ मध्ये २४.१ आवृत्तीत लेक्सिकल बंधन आलं. २०१३ च्या २४.३ मध्ये ‘सीएल-लिब’ आलं आणि प्रत्येक नावापुढे ‘सीएल-’ लागलं. बहुतेक नावांच्या बाबतीत तेवढंच झालं, म्हणून फाइलभर ‘सीएल-’ चिकटवत जायची सवय लागली. फ्लेटच्या बाबतीत मात्र नावापुढच्या तीन खुणांनी अर्थही बदलला. २७.१ पासून तर ‘पॅकेज सीएल इज डेप्रिकेटेड’ असा निरोप ईमॅक्स उघडताच दिसायला लागला, आणि जे इतकी वर्षं टाळत होते तेही घाईघाईनं बदलायला बसले. त्यांतला मी एक.

दुरुस्ती

हाक दुसऱ्याच्या कोडमधून येत असेल, तर हवं ते हे:

```
(सीएल-लेटएफ (((सिम्बॉल-फंक्शन 'प्रोसेस-लिस्ट) #'इग्नोर))
  ...)
```

सुरुवातीचे तीन कंस मोजून घ्या. पहिला साऱ्या जोड्यांचा, दुसरा एका जोडीचा, तिसरा ‘सिम्बॉल-फंक्शन’ या जागेचा. दोनच दिलेत तर येणारी एरर भलतीकडेच बोट दाखवते, आणि माणूस पंधरा मिनिटं चुकीच्या ओळीकडे बघत बसतो.

‘इग्नोर’ हे फंक्शन कितीही आर्ग्युमेंट घेतं आणि निल परत करतं. ‘हो’ असं उत्तर हवं असेल, उदाहरणार्थ चाचणीत ‘वाय-ऑर-एन-पी’नं माणसाला न विचारता पुढे जावं म्हणून, तर २८.१ पासून ‘ऑलवेज’ आहे. स्वतः लॅम्डा लिहिलात तर आर्ग्युमेंटच्या जागी ‘अँडरेस्ट’ ठेवा. मूळ फंक्शनला आज एक आर्ग्युमेंट जातं म्हणून तुम्ही एकच ठेवलं, तर पुढच्या आवृत्तीत कुणी दुसरं द्यायला लागल्यावर तुमचा लॅम्डा उताणा पडतो.

हाक तुमच्याच कंसांत असेल तर सीएल-फ्लेटच योग्य. ते स्वच्छ आहे, जलद आहे आणि शेजाऱ्यांना त्रास देत नाही. फक्त त्यात तीन खड्डे आहेत, आणि जुन्या फ्लेटवरून येणारा माणूस तिन्हींत पडतो.

पहिला खड्डा स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचा. जुन्या फ्लेटमध्ये आत लिहिलेलं फंक्शन स्वतःला हाक मारू शकायचं, कारण तेवढा वेळ ते खरोखरच त्या सिम्बॉलच्या कप्प्यात बसलेलं असायचं. सीएल-फ्लेटमध्ये व्याख्येच्या आतली हाक बाहेरच्या, सार्वजनिक नावाकडे जाते. तसं नाव बाहेर नसेल तर ‘सिम्बॉल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड’. बाहेर योगायोगानं त्याच नावाचं काही असेल तर हाल विचारू नका. उपाय: ‘सीएल-लेबल्स’. त्याला फाइलमध्ये लेक्सिकल बंधन चालू असावं लागतं.

दुसरा खड्डा एका खुणेचा आहे. ‘(मॅपकार 'दुप्पट यादी)’ असं फ्लेटच्या आत चालायचं. सीएल-फ्लेटच्या आत चालत नाही, कारण साध्या कोटमागे आहे तो निव्वळ सिम्बॉल, आणि सिम्बॉलच्या कप्प्यात सीएल-फ्लेटनं काहीच ठेवलेलं नाही. पुन्हा तीच व्हॉइडवाली एरर. ‘#'दुप्पट’ लिहिलं, म्हणजे कोटआधी हॅश दिला, की मॅक्रोला कळतं की इथे फंक्शन म्हणायचंय आणि ते लोकल व्याख्या देतं. वर्षानुवर्षं आपण दोन्ही खुणा एकच समजून टंकत आलो, त्याचं व्याज इथे भरावं लागतं.

तिसऱ्याची एरर पाहून माणूस चक्रावतो: ‘--सीएल-दुप्पट--’ नावाचं व्हेरिएबल व्हॉइड आहे. असं व्हेरिएबल आपण लिहिलेलंच नसतं! ते कुठून आलं हे वरचा विस्तार पाहिल्यावर कळतं. सीएल-फ्लेटच्या आत लॅम्डा तयार करून तो टायमरला किंवा हुकला (ठराविक घटनेला चालवायच्या फंक्शनांच्या यादीला) दिला, आणि फाइलच्या पहिल्या ओळीत ‘लेक्सिकल-बाइंडिंग: टी’ नसेल, तर तो लॅम्डा चालायची वेळ येईपर्यंत ते व्हेरिएबल मरून गेलेलं असतं. स्क्रॅच बफरमध्ये हाच तुकडा बिनतक्रार चालतो, कारण तिथे लेक्सिकल बंधन चालू असतं. फाइलच्या पहिल्या ओळीत खूण घाला, प्रश्न मिटतो. ३० व्या आवृत्तीपासून ही खूण नसली की कंपायलर स्वतःहून सांगतो. ते सांगणं मनावर घ्या.

चौथं दुखणं क्वचित होतं, पण झालं की सापडत नाही. लोकल फंक्शनला ‘लिस्ट’ किंवा ‘मेसेज’ असं रोजच्या वापरातलं नाव देऊ नका. सीएल-फ्लेट आपल्या पोटातले सगळे मॅक्रो पूर्ण उलगडून मग हाका वळवतं. एखादा मॅक्रो उलगडल्यावर त्यातून ‘(लिस्ट ...)’ बाहेर पडलं, तर तीही हाक तुमच्याकडे वळते. कॉमन लिस्पच्या मानकानं आपल्या मूळ नावांशी असा खेळ करायला मनाई केली आहे आणि एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपायलर तर पॅकेजला कुलूप आहे म्हणून लगेच अडवतं. ईमॅक्स अडवत नाही.

सीएल-लेटएफ लावलं, तरीही जुनंच चालतंय

इथून पुढचा भाग ज्यांनी योग्य औषध घेऊनही ताप उतरला नाही त्यांच्यासाठी.

फंक्शनच्या कप्प्यात नवी व्याख्या ठेवून उपयोग कधी? हाक मारणारा कोड त्या कप्प्यात डोकावत असेल तेव्हाच. इंटरप्रीटर दर वेळी डोकावतो. कंपायलर मात्र काही ठिकाणी डोकावण्याची गरजच काढून टाकतो. ‘ईव्हल-बफर’ केलं की चाचणी पास, कंपाइल केल्यावर नापास, असं होत असेल तर संशय इथे घ्या.

पाहायचं कसं? हाक मारणाऱ्या फंक्शनवर ‘डिसअसेंबल’ चालवा. नुसतं ‘(प्रोसेस-लिस्ट)’ म्हणणाऱ्या लॅम्डाचा बाइटकोड असा दिसतो:

```
०   कॉन्स्टंट   प्रोसेस-लिस्ट
१   कॉल         ०
२   रिटर्न
```

नाव शाबूत आहे. आधी सिम्बॉल उचलला, मग त्याला हाक मारली. इथे सीएल-लेटएफ लागू पडणार. आता ‘(पॉइंट)’ म्हणणारा लॅम्डा पाहा:

```
०   पॉइंट
१   रिटर्न
```

इथे सिम्बॉल नाहीच. ‘पॉइंट’, ‘करंट-बफर’, ‘गोटू-चार’, ‘कार’, ‘ईक्यू’ अशा रोज हजारदा लागणाऱ्या फंक्शनांना बाइटकोडमध्ये स्वतःची वेगळी सूचना आहे. त्यांचा फंक्शनचा कप्पा कितीही बदला, कंपाइल झालेला कोड तिकडे ढुंकून पाहत नाही. चाचणीसाठी ‘पॉइंट’ बदलायचा विचार असेल तर सोडून द्या. तात्पुरतं बफर उघडून त्यात कर्सर हवा तिथे नेऊन ठेवणं सोपं पडतं.

‘डेफसब्स्ट’नं लिहिलेल्या फंक्शनांचं तेच. त्यांचं पोट हाक मारणाऱ्याच्या पोटात कंपाइल होतानाच ओतलेलं असतं. यात सहज न दिसणारा प्रकार म्हणजे ‘सीएल-डेफस्ट्रक्ट’. माझ्याकडे ‘नोंद’ नावाचा स्ट्रक्ट होता आणि चाचणीत मी ‘नोंद-तारीख’ हा त्याचा अ‍ॅक्सेसर (नोंदीतली तारीख काढून देणारं, आपोआप बनलेलं फंक्शन) बदलून ठराविक तारीख परत करायला लावली होती. अ‍ॅक्सेसर आपण हातानं लिहीत नाही, त्यामुळे तो इनलाइन होतो हे डोक्यातच येत नाही. दोन दिवस मी सीएल-लेटएफवर खापर फोडत होतो. शेवटी चाचणीत सरळ हव्या त्या तारखेची नोंदच तयार केली. दोन ओळी.

मग नेटिव्ह कंपायलेशन, म्हणजे लिस्पचा थेट मशीन कोड बनवणं. २०२२ मध्ये २८.१ आवृत्तीत ते आलं आणि जुन्या तुकड्यांना एक नवी अडचण आली. नेटिव्ह कोड सी भाषेत लिहिलेल्या मूळ फंक्शनांना हाक मारताना सिम्बॉलच्या वाटेनं जात नाही. पत्त्यांचं एक कोष्टक असतं, त्यातून थेट उडी. आमचं ‘प्रोसेस-लिस्ट’ सी मधलं आणि ‘सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स’ लिस्पमधलं, नेटिव्ह कंपाइल होऊन आलेलं. म्हणजे कप्पा बदलून काही व्हायला नको. तरी होतं! कारण तुम्ही एखाद्या मूळ फंक्शनचा कप्पा पहिल्यांदा बदलता, तेव्हा ईमॅक्स त्या क्षणी एक छोटं फंक्शन कंपाइल करून त्याचा पत्ता कोष्टकात बसवतं. ते फंक्शन एवढंच करतं, की आलेली हाक पुन्हा सिम्बॉलच्या कप्प्याकडे पाठवायची. याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. तुमच्या ‘ईएलएन-कॅश’ फोल्डरमध्ये ‘सबर--ट्रॅम्पोलिन-’नं सुरू होणाऱ्या फाइली दिसत असतील तर त्या ह्याच, नावाच्या शेवटी कुठलं फंक्शन तेही वाचता येतं. आपल्या सेटिंगमध्ये कोण कुणाच्या कप्प्यात हात घालतंय हे बघायचं असेल, तर त्या फाइलींची यादी म्हणजे आयतं हजेरीपुस्तक.

बिघाड दोन तऱ्हांनी होतो. कुणाचा तरी सल्ला वाचून ‘नेटिव्ह-कॉम्प-इनेबल-सबर-ट्रॅम्पोलिन्स’ निल केलं असेल, तर ट्रॅम्पोलिन बनत नाही आणि नेटिव्ह कोड तुमच्या बदलाकडे मुकाट्यानं दुर्लक्ष करतो. दुसरी तऱ्हा बोलकी आहे: ट्रॅम्पोलिन बनवायला त्या मशीनवर लिबजीसीसीजिट (जीसीसी कंपायलरची लायब्ररी) आणि त्याच्या हाताखालची असेंबलर-लिंकर मंडळी चालू स्थितीत लागतात. तयार ईमॅक्स आणून टाकलंय आणि ही मंडळी नाहीत, तर सीएल-लेटएफच्या ओळीवरच जीसीसीच्या नावानं एरर येते. मजा अशी, की चूक तुमच्या लिस्पमध्ये नसते आणि तुम्ही लिस्पच वाचत बसता.

आणखी एक मर्यादा: सी मधल्या एका फंक्शननं सी मधल्याच दुसऱ्याला थेट हाक मारली, तर ती हाक ना कप्प्यातून जाते ना कोष्टकातून. तिथे लिस्पच्या बाजूनं इलाज नाही.

पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास

हा माझा सर्वांत नावडता प्रकार. चाचणी पहिल्यांदा चालवली की खरं फंक्शन चालतं. लगेच दुसऱ्यांदा चालवली की नकली. ईमॅक्स बंद करून उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

कारण ऑटोलोड: फंक्शनच्या जागी आधी नुसती चिठ्ठी असते, आणि पहिली हाक आली की खरी फाइल लोड होते. माझ्या टिपणांच्या लायब्ररीत ‘टिपण-उघड’ आणि ‘टिपण-विचार’ अशी दोन फंक्शनं, दोन्हींना ऑटोलोडची खूण. चाचणीत मी ‘टिपण-विचार’ सीएल-लेटएफनं बदललं आणि आत ‘टिपण-उघड’ला हाक मारली. लायब्ररी तोवर लोड झालेली नव्हती. त्या हाकेनं ती लोड झाली, फाइलमधली ‘(डेफन टिपण-विचार ...)’ ही ओळ चालली, आणि तिनं माझी नकली व्याख्या पुसून खरी बसवली. सगळं कंसांच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत. बाहेर पडताना सीएल-लेटएफनं इमानदारीनं ‘जुनं’ परत ठेवलं, म्हणजे ऑटोलोडची ती चिठ्ठी. दुसऱ्या वेळी लायब्ररी आधीच लोड झालेली, त्यामुळे डेफन पुन्हा चालत नाही आणि नकली टिकतं.

सीएल-लेटएफच्या आधी ‘(रिक्वायर 'टिपण)’ लिहा. एवढंच. बदलण्याआधी खरी व्याख्या जागेवर येऊ द्यायची.

चार्ज कधी परत जातो

सीएल-लेटएफ फक्त आतला कोड चालू असेपर्यंत. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण आतल्या कोडनं टायमर लावला, नेटवर्कची विनंती पाठवली किंवा प्रोसेस सुरू केली, तर ते काम होतं तेव्हा कंस कधीच संपलेले असतात. तिथे खरी व्याख्याच मिळणार. नकली हवी असेल तर सीएल-लेटएफ त्या कॉलबॅकच्या आत लिहा. किंवा काम तुमच्याच मजकुरातलं असेल तर सीएल-फ्लेट आणि लेक्सिकल बंधन: ती व्याख्या लॅम्डाबरोबर जाते, कंस संपले तरी जगते.

उलटी बाजू जास्त धोक्याची. कंस चालू असताना मध्येच ईमॅक्स थांबून वाट पाहत असेल, तर तेवढ्या वेळात इतरांचे टायमर आणि प्रोसेसचे फिल्टर चालतात. त्यांनाही तुमची नकली व्याख्याच दिसते. माझा गप्प-बस तुकडा सीएल-लेटएफनं दुरुस्त करून झाल्यावर हे लक्षात आलं. ‘सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स’ न जतन केलेल्या फाइलींबद्दल आधी विचारतं आणि उत्तराची वाट पाहतं. मी चहा घ्यायला उठलो तर ती वाट दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत ज्या कुणी टायमरनं ‘प्रोसेस-लिस्ट’ विचारली, त्याला सांगितलं जाणार की एकही प्रोसेस चालू नाही. प्रोसेस मेली असं समजून कुणी नवी सुरू केली तर? आणि मी मग बंद करायचं रद्द केलं तर?

म्हणून शेवटी तो तुकडाच काढून टाकला. २०१८ च्या २६.१ आवृत्तीपासून यासाठी सरळ एक व्हेरिएबल आहे:

```
(सेटक्यू कन्फर्म-किल-प्रोसेसेस निल)
```

एखाद्याच प्रोसेसबद्दल विचारू नये असं वाटत असेल तर ‘सेट-प्रोसेस-क्वेरी-ऑन-एक्झिट-फ्लॅग’ त्या एकीला लावा, बाकीच्यांबद्दल ईमॅक्स विचारत राहील. मी एसएसएचवाल्या शेलबद्दल विचारायला ठेवलंय, बाकी सगळ्यांना फ्लॅग निल.